वैमानिकाची झोप

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानसत्रात दिलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याविषयी बोलावयास आमच्यापेक्षा अधिकारी मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. तो भार आम्हांवर न टाकता, "मास्तर, काहीतरी शास्त्रीय, पण घरोघरच्या उपयोगाचे असे सांगा," एवढीच आज्ञा चिटणीससाहेबांनी केली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आम्ही विषय कळविला तेव्हा मात्र ते जरा विचारात पडलेले दिसले. विमान चालविणाऱ्याला झोप आली काय आणि न आली काय, आपल्या मंडळींना त्याचे काय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता; सौजन्यामुळे तो त्यांनी विचारला नाही इतकेच.

उत्तर अगदी जवळ आहे. खाली जिन्यापाशी संगमरवरी फळीवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील निम्म्यांच्या पुढे गाव म्हणून बेळगाव नाही, खानापूर नाही. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा असे लिहिलेले आहे. आपले मुलगे तिकडे आहेत, जावई तिकडे आहेत, आता काही मुलीही नोकरीस गेल्या आहेत. सुटीवर येणारा मुलगा बहुधा मध्यरात्रीनंतर तिकडून निघतो आणि पहाटे गोव्यास, मंगळुरास किंवा मुंबईस उतरतो. त्या रात्री घरी आई जागी असते. आईच्या जागण्याने विमान सुरक्षित उतरत नाही. ते ज्याच्या जागेपणावर उतरते, त्याच्या झोपेचा हिशेब कोण ठेवतो, आणि तो चुकला म्हणजे काय होते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

२२ मे २०१० ची सकाळ पुष्कळांना आठवत असेल. दुबईहून मंगळुरास येणारे एअर इंडिया एक्सप्रेसचे ८१२ क्रमांकाचे विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानात १६६ माणसे होती. १५८ गेली, ८ वाचली. मंगळूरची धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली आहे, आणि तिच्या टोकांपलीकडे जमीन खोल उतरत जाते. गेलेल्यांत बहुतेक किनारपट्टीवरचे, आखातात राबणारे लोक व त्यांच्या बायकामुलांची कुटुंबे. आपल्यासारखीच माणसे होती ती.

या अपघाताची चौकशी सरकारने ज्या न्यायचौकशी समितीकडे सोपविली, तिचे प्रमुख वायुदलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले हे होते. समितीने काय शोधून काढले ते जरा विस्ताराने सांगतो, कारण आमच्या विषयाचे सारे धागे त्या एका रात्रीत सापडतात.

विमानात यंत्राचा दोष नव्हता. हवा स्वच्छ होती, धावपट्टी दिसत होती. मुख्य वैमानिक अननुभवी नव्हते. दहा हजारांहून अधिक तास उड्डाण केलेले गृहस्थ होते. सहवैमानिकही नवखे नव्हते. दोघांची कामापूर्वीची विश्रांती कागदोपत्री नियमाप्रमाणे पुरी झालेली होती. हेच दोघे आदल्या रात्री मंगळूरहून विमान घेऊन दुबईस गेले होते आणि तेच विमान घेऊन परतत होते. म्हणजे अख्खी रात्र कामात गेली होती. विमानात वैमानिकांच्या खोलीतील आवाज टिपून ठेवणारे एक यंत्र असते. त्यात सुमारे दोन तास पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण मिळाले. त्यातला पहिला एक तास चाळीस मिनिटांचा काळ दोघांत संभाषणच नाही. ऐकू येतो तो मुख्य वैमानिकांच्या जड श्वासाचा आणि अधूनमधून घोरण्याचा आवाज.

आता कोणी म्हणेल, दोघे होते ना? एक झोपला तर दुसरा जागा होता. खरे आहे, आणि विमान तोवर सरळ चालले होते. संकट झोपेत आले नाही. जाग आल्यावर आले. मंगळूरचे रडार दोन दिवसांपासून बंद होते, त्यामुळे खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा, विमानतळ जवळ आल्यावर मिळाली. अशा वेळी विमान झपाट्याने पण हिशेबाने खाली आणावे लागते. तो हिशेब गाढ झोपेतून नुकत्याच उठलेल्या डोक्याने करावयाचा होता. तो झाला नाही. धावपट्टी समोर आली तेव्हा विमान हव्या त्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. तेथून ते उभे खाली घातले गेले. यंत्र धोक्याच्या सूचना देत राहिले. सहवैमानिकांनी तीन वेळा 'गो अराउंड' म्हटले. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, फेरी मारून येऊ. धावपट्टी ८०३३ फूट लांब. विमानाची चाके टेकली ती सुमारे ५२०० फूट पुढे जाऊन. राहिलेल्या जागेत ते थांबणे कठीण होतेच. त्यात ब्रेक लावल्यावर पुन्हा उडण्याचा प्रयत्न झाला, आणि जे व्हायचे ते झाले.

समितीने मूळ कारण म्हणून सांगितले ते असे, की बिघडलेले उतरणे मुख्य वैमानिकांनी वेळीच सोडून दिले नाही. त्याला साहाय्यक झालेली कारणे म्हणून लांबलेल्या झोपेनंतरची सुस्ती आणि रात्रीचा तो विशिष्ट प्रहर यांचा समितीने उल्लेख केला.

झोपेनंतरची ही सुस्ती म्हणजे काय, हे कळावयास वैमानिक असावे लागत नाही. दुपारी जेवून गाढ झोपलेल्या माणसाला कोणी हलवून उठविले, की तो उठून बसतो, बोलतोही, पण दिवस कोणता, सकाळ की संध्याकाळ, हे त्याला क्षणभर सुचत नाही. इंग्रजीत याला 'स्लीप इनर्शिया' म्हणतात. आमच्या विज्ञानाच्या तासाला जडत्वाचा नियम शिकविताना आम्ही मुलांना एस. टी. च्या धक्क्याचे उदाहरण देतो. मेंदूलाही असेच जडत्व असते म्हणा. डोळे उघडले तरी विचार मागेच राहतो. हा काळ साधारण पंधरा ते तीस मिनिटांचा असतो, कधी त्याहून जास्त. दाढ झोपेतून उठलेल्या माणसाने या अवधीत कणीक मळावी, अंगण झाडावे. विमान उतरवू नये.

दुसरी गोष्ट प्रहराची. माणसाच्या शरीरात एक घड्याळ आहे, ते भिंतीवरच्या घड्याळाचे ऐकत नाही. पहाटे दोन ते सहा हा त्या घड्याळाचा सर्वांत खालचा काळ. अंगाची उष्णता उतरते, हालचाल मंदावते, मनाची पकड सुटते. आदल्या दिवशी भरपूर झोप झालेली असली तरी हे टळत नाही. आमच्या घरी रोज्याच्या महिन्यात याचा अनुभव दरवर्षी येतो. सहरीला सगळे उठतात, ताटाभोवती बसतात, पण बोलत कोणी नाही; मीठ मागितले तर साखर पुढे येते. मुले तर घास तोंडात धरून पेंगतात. तीच मुले दुपारी रोजा असूनही मैदानात पळत असतात. म्हणजे दोष पोटाचा नव्हे, वेळेचा. आखाताहून येणारी किती विमाने नेमक्या याच चार तासांत आपल्या किनाऱ्यावर उतरतात, ते तिकिटांवरच्या वेळा पाहून आपणच मोजावे. रात्रीचे तिकीट चार पैसे स्वस्त मिळते म्हणून आपण ते घेतो, हेही ओघाने आले.

येथे एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. थकवा हा असा रोग आहे, की तो ज्याला झाला त्यालाच दिसत नाही. ताप आला तर कपाळ सांगते, पाय मोडला तर पाय सांगतो. थकवा मात्र ज्या मेंदूने ओळखावयाचा, त्याच मेंदूला आधी ग्रासतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोग करून दाखविले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात व लक्ष जितके बिघडते, तितके रक्तात शंभर भागांत पाच शतांश भाग मद्य असता बिघडते. पुष्कळ देशांत इतक्या मद्यावर मोटार चालविणे गुन्हा ठरतो. ज्या वस्तूला आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत मज्जाव आहे, तिचा परिणाम आम्ही केवळ जागून घरबसल्या भोगू शकतो, हे वाचून आम्ही चकित झालो. फरक एवढाच, की प्यालेल्याचा वास येतो. जागलेल्याचा येत नाही. उलट लोक त्याचे कौतुक करतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १८ ऑगस्ट १९९३ रोजी मालवाहू 'डीसी-८' जातीचे एक विमान क्यूबा बेटावरील ग्वांतानामो येथील अमेरिकी तळावर उतरताना कोसळले. तिघे वैमानिक रात्रभर काम करून सकाळी अटलांटा येथे पोहोचले होते आणि घरी जावयाचे होते. तेवढ्यात त्यांना आणखी एक खेप सांगण्यात आली. दुपारी पाचच्या सुमारास, लख्ख उजेडात, ते तळाजवळ आले तेव्हा मुख्य वैमानिक साडेतेवीस तास जागे होते. दुसरे एकोणीस आणि तिसरे एकवीस तास. तेथे क्यूबाच्या हद्दीचे कुंपण धावपट्टीच्या अगदी जवळ आहे, म्हणून ऐन शेवटी फार आखूड वळण घ्यावे लागते. हद्द दाखविणारा एक लुकलुकणारा दिवा तेथे असे. मुख्य वैमानिक तो दिवा शोधू लागले. वेग कमी होत होता, सोबती सांगत होते, विमान एका अंगावर कलत होते. पण त्यांचे मन त्या दिव्यातच अडकून राहिले. दिवा कोठे आहे, दिवा दिसतो का, एवढेच. आणि तो दिवा त्या दिवशी पेटलेलाच नव्हता! नशिबाने तिघेही जबर जखमी होऊन वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एखाद्या विमान अपघाताचे संभाव्य कारण म्हणून वैमानिकांच्या थकव्याचे नाव घेतले ते या अपघाताच्या वेळी प्रथमच. तोवर 'वैमानिकाची चूक' असे दोन शब्द लिहून फाइल बंद होत असे.

या ठिकाणी तिघांपैकी कोणी झोपले नव्हते, हे लक्षात ठेवावे. थकवा म्हणजे डोळा लागणे एवढेच नव्हे. थकलेला मनुष्य एकाच गोष्टीला चिकटून बसतो, ठरविलेला बेत सोडावयास तयार होत नाही. आमच्या शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री जागलेला मुलगा पहिल्याच न सुटणाऱ्या गणितावर तास घालवितो आणि सोपी दहा तशीच राहून जातात. त्याला आपण हट्टी म्हणतो.

आता प्रश्न असा, की थकलेल्याला स्वतःचे कळत नसेल तर कळावयाचे कोणाला? शेजारी बसलेल्याला. म्हणून तर विमानात दोघे असतात. पण शेजारचा वयाने व अधिकाराने लहान असला म्हणजे काय होते, ते मंगळुरास दिसले. सहवैमानिक तीनदा बोलले, पण त्यांनी विमानाचा ताबा आपल्या हाती घेतला नाही. का? चौकशी समिती म्हणते, सहवैमानिकाने स्वतः उतरणे रद्द करावे की नाही याविषयीच्या निरनिराळ्या लेखी सूचनांत संदिग्धता होती, त्यामुळे बहुधा असे झाले असावे. वरिष्ठाच्या हातातील काम काढून घेण्याचा हक्क स्पष्ट लिहून दिलेला नव्हता. आणि स्पष्ट लिहिलेले नसले की आपल्या देशात धाकट्याचा हात उचलत नाही. हे विमानातच घडते असे थोडेच आहे? शाळेच्या शिक्षक-खोलीत, रुग्णालयात, संस्थांच्या सभांतही दिसते. अध्यक्षमहाशयांनी रोष मानू नये.

अमेरिकेत हा धडा १९७८ च्या डिसेंबरात पोर्टलंड शहराजवळ मिळाला. चाकांत बिघाड असल्याच्या शंकेने एक विमान घिरट्या घालीत राहिले. मुख्य वैमानिक चाकांच्या विचारात गुंतले, इंधन संपत आल्याचे सोबत्यांनी सुचविले पण ठासून सांगितले नाही. इंधन संपून विमान वस्तीत पडले व दहा माणसे गेली. त्यानंतर वैमानिकांना एकत्र बसवून, वरिष्ठाने ऐकावे कसे आणि कनिष्ठाने बोलावे कसे याचे शिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. आज ती सर्व देशांत आहे. पण शिक्षण ही एक गोष्ट आणि पहाटे सहा वाजता वरिष्ठाचा हात बाजूला सारणे ही दुसरी.

मंगळूरनंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोझिकोड येथे जवळपास तसाच अपघात झाला. तीच कंपनी, तोच दुबईचा मार्ग, तशीच डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. भर पावसातील संध्याकाळ. महामारीच्या काळात अडकलेल्या लोकांना घेऊन येणाऱ्या त्या विमानात १९० माणसे होती. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्यू पावले. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे वायुदलातून निवृत्त झालेले, नाणावलेले मराठी गृहस्थ. त्यांच्या निधनाने साऱ्या महाराष्ट्राला हळहळ वाटली. आम्ही त्यांच्याविषयी आदरानेच बोलत आहोत. तेथे झोपेचा प्रश्न नव्हता. पण चौकशी अहवालात एक गोष्ट आहे, ती आमच्या विषयाला लागून आहे. कोझिकोडच्या तळावर कॅप्टन पुरेसे नेमलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्यांनाच करावयाचे होते. त्या रात्री विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळविले असते तर कामाचे तास वाढले असते, विश्रांतीचा नियम आड आला असता आणि सकाळचे विमान अडले असते. काहीही करून येथेच उतरावे या ओढीमागे हे एक कारण असावे, असे अहवाल सांगतो. विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले. सहवैमानिकांनी 'गो अराउंड' म्हटले होते. याही वेळी ताबा घेतला गेला नाही.

पाहा कसे आहे! विश्रांतीचा नियम माणसाच्या रक्षणासाठी केलेला. पण नियम पाळावयास लागणारी माणसेच नेमली नाहीत, तर तोच नियम त्याच्या मानेवरचे ओझे होतो.

आपल्या देशात पुढे हेच मोठ्या प्रमाणावर घडले. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची होती ती ४८ तास केली. 'रात्र' पहाटे पाचला संपत असे, ती सहापर्यंत धरली. रात्रीच्या कामात उड्डाणाचे ८ तास आणि एकूण कामाचे १० तास ही मर्यादा घातली. रात्रीत सहा वेळा विमान उतरविता येत असे, ते दोनावर आणले. कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी थकव्याच्या तक्रारींचा अहवाल द्यावा असेही सांगितले. हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हावयाचे होते. कंपन्यांनी मुदत मागितली, ती मिळाली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेर बहुतेक नियम १ जुलै २०२५ पासून आणि उरलेले, रात्रीचे, १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले.

पावणेदोन वर्षे अवधी मिळूनही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, तयारी पुरी नव्हती. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर लोक जमिनीवर निजले, लग्ने चुकली, मयती चुकल्या. आमच्या एका आप्ताचे शस्त्रक्रियेसाठी मुंबईस जाणे राहिले, तेव्हा लोकांचा संताप आम्हांस ठाऊक आहे. पण त्या संतापात पुष्कळांच्या तोंडी वाक्य होते, "हे नवे नियम कशाला आणले?" ५ डिसेंबरला महासंचालनालयाने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली, शिवाय साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये हे कलमही मागे घेतले. निकड होती हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ज्या विद्यार्थ्याने अभ्यास केला नाही त्याच्यासाठी परीक्षाच पुढे ढकलावी, हे आम्हां शिक्षकांच्या पचनी पडणारे नव्हे. आणि त्याची किंमत परीक्षक देत नसून मागच्या आसनावर बसलेले प्रवासी देतात.

आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक विद्यार्थी एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. ईदला भेटावयास आला होता, तेव्हा आम्ही त्याला विचारले, "बाळ, दमलास तर दमलो म्हणून सांगता येते का?" तो म्हणाला, "सर, सांगता येते, त्यासाठी छापील फॉर्म आहे. पण फॉर्म भरला की पुढच्या महिन्याचे वेळापत्रक हातात येईपर्यंत छाती धडधडते." मग हसून म्हणाला, "पहाटे तीनला कामावर हजर व्हायचे म्हणून संध्याकाळी सातला झोपायला जावे, तर तेव्हाच शेजारी टी. व्ही. लागतो, अम्मी हाका मारते, पाहुणे येतात. कागदावर बारा तास विश्रांती, प्रत्यक्षात तीन तास झोप." एका मुलाच्या सांगण्यावरून सगळ्या कंपन्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण विश्रांती देणे कंपनीच्या हाती असले तरी झोप मिळणे घराच्या हाती आहे, ही गोष्ट आम्हांस त्याच्याकडून समजली.

इंडोनेशियात २५ जानेवारी २०२४ रोजी हेच घडले. बाटिक एअरचे १५३ प्रवाशांचे विमान केंदारीहून जकार्तास जात असता दोन्ही वैमानिक एकाच वेळी झोपले. सुमारे २८ मिनिटे विमानाला कोणी धनी नव्हता, ते वाटही थोडे चुकले. मुख्य वैमानिक जागे झाले म्हणून सर्व सुखरूप उतरले. चौकशीत दिसले, की सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी बाळे होती, रात्री बाळांसाठी उठणे होते, आणि नुकतेच बिऱ्हाडही बदललेले होते. आता या बापाला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? त्याने घरी बायकोला हातभार लावला. चूक असलीच तर ती, की त्याने कामावर जाऊन "आज मी उडण्यास योग्य नाही" असे म्हटले नाही. आणि असे म्हणणाऱ्याला शाबासकी मिळेल अशी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आहे.

उपाय माहीत नाहीत असे नाही. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने महासागरावरून लांब पल्ल्याने जाणाऱ्या वैमानिकांवर प्रयोग केला व १९९४ साली तो प्रसिद्ध केला. पाळीपाळीने एकाला आसनातच चाळीस मिनिटे विश्रांती द्यावयाची, बाकीच्यांनी विमान सांभाळावयाचे. त्या चाळिसांत सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागे, आणि उतरण्याच्या वेळी असे वैमानिक न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक सावध असत. मंगळूरच्या झोपेत आणि या झोपेत फरक हा, की ही सांगून, मोजून आणि उतरण्याच्या पुष्कळ आधी संपवून घेतलेली असते. ती चोरून, न मोजता आलेली होती. झोप वैरी नव्हे. तिला लाज मानले, की ती लपून येते.

एवढे सांगितल्यावर विश्वस्त मंडळींपुढे एक घरचीच गोष्ट ठेवतो. संस्थेची रुग्णवाहिका आठ वर्षे चालू आहे. तिच्यामुळे किती जीव वाचले ते या स्मरणिकेत इतरत्र येईलच. तिला चालक एक आहे. भला माणूस आहे, रात्री-अपरात्री कधी नाही म्हटले नाही, आणि याच गोष्टीची आम्हांस काळजी वाटते. गेल्या पावसाळ्यात तो दिवसभर गावात फिरून रात्री अकराला रुग्ण घेऊन चोर्ला घाटाने गोव्यास गेला आणि पहाटे चारला परत निघाला. आम्ही दुसऱ्या दिवशी विचारले, "झोप आली नव्हती का रे?" तर म्हणाला, "नाही सर, मला झोप कधीच येत नाही." ग्वांतानामोच्या वैमानिकालाही आली नव्हती.

रात्रीसाठी दुसरा चालक नेमावा, आणि पहिल्याने "आज जमणार नाही" म्हटले तर त्याचा पगार कापला जाणार नाही असे लेखी द्यावे, अशी आमची विनंती आहे. पगाराचा आकडा आम्ही काढून आणलेला नाही. खजिनदारसाहेब समोरच बसले आहेत, आणि त्यांनी मघापासून वहीत काहीतरी मांडावयास घेतलेले दिसते.